सत्काराचे पोहे

भिया, करारातल्या बारीक अक्षरांचं तुम्ही मला काय सांगता! आमच्या बाबांचं ऐका. मिल बंद पडली, बाबा घरी बसले आणि मिलच्या आठवणींचं अख्खं पुस्तक लिहून मोकळे झाले. इंटरनेट तेव्हा नवं नवं होतं. अन्नपूर्णा मंदिराजवळ सायबर कॅफे चालवणारा पप्पू म्हणाला, "बाबूजी, छापता कशाला? मी नेटवर टाकतो. अमेरिकेतले मराठी लोक विकत घेतील, अर्धे पैसे तुमचे."

करार समोर आला, तेवढ्यात पोहे-जलेबी आली. बाबांनी एका हातात प्लेट सांभाळत सही ठोकली.

मग दर रविवारी बाबा पुस्तकाची चौकशी करायला जायचे. पप्पू पोहे खाल्ल्याशिवाय सोडायचा नाही. "मोठ्या मनाचा माणूस आहे," असं बाबा घरी येऊन सांगायचे. इकडे आईने रॉयल्टीतून मिक्सर घ्यायचं ठरवलेलं.

वर्षाने हिशेब आला. पुस्तक खरंच विकलं गेलं होतं, पण हातात छदाम नव्हता. टायपिंगचे कापले, सर्व्हरचे कापले आणि सगळ्यात मोठी कपात होती 'लेखक सत्कार'. बाबा तणतणत पप्पूकडे गेले. त्याने करारातलं कलम दाखवलं आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "बाबूजी, आपने हर बार दो-दो प्लेट खाई. मैंने कभी मना किया?"

बाबांनी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे दर रविवारी माझा उपमा टाकून तुम्ही स्वतःचं पुस्तक खात होतात?"