बंदुकीला पाय लागला

खोटं वाटेल, पण हरणाच्या शिकारीची बंदूक निवडायला मी गेलोय. नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावातले आमचे शेजारी विलेमकाका मला हौसेने दुकानात घेऊन गेले. तिथे लष्करातून निघालेल्या दोन जुन्या रायफली होत्या. मी म्हटलं, "ती चकचकीत घ्या." काकांनी झिजलेली माझ्या हातात दिली. "नळीतून बघ." नळी आतून आरशासारखी लखलखत होती.

"कुणा सैनिकाने ही रोज पुसलीय," काका म्हणाले.

खाली टेकवताना तिला माझा पाय लागला, आणि मी सवयीने वाकून नमस्कार केला. दुकानदाराने विचारलं तेव्हा सांगितलं, "पाय लागला की आम्ही माफी मागतो."

काका म्हणाले, "हरिण पडलं की आम्ही त्याच्या मानासाठी टोपी काढतो. बंदुकीसाठी कधी सुचलं नाही."

आणि त्यांनी टोपी काढली.