बोट कोणाचं?

कृष्णनगरच्या दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे दोन म्हातारे बसले होते.

"भवतोषदा, तुमची साखर तर छान होती ना? मुलगी रोज मोबाइलवर बघते म्हणालात."

"बघते की. पण मी आकडा बायकोच्या बोटाचा पाठवायचो."

"काय सांगता!"

"अख्खी नोकरी पोलिसात काढली, पण सुई बघितली की मी पळ काढतो."

"मग आज इथे कसे?"

"काल आकडा एवढा चढला की मुलगी फोनवर रडायलाच लागली. म्हणे, बाबा, चोरून मिठाई खाता ना?"

"खाल्लीत?"

"मी कुठला खातोय! घरात सरपुरिया मिठाई आली की मला मिळू नये म्हणून हीच संपवते. आत तिलाच तपासताहेत."

"आणि तुमची साखर?"

"देवाला ठाऊक!"

तेवढ्यात आतून भवतोषदांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, या आत! आणि बोट स्वतःचंच आणा."