सगळीकडे सेम

...नाही, पण मला एक सांगा, फोटो पुसायचा एका ठिकाणी आणि तो जायचा सगळीकडून, ह्याला काय बॅकअप म्हणायचं? तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांनी जन्मभर केंद्र सरकारच्या फायली सांभाळल्या, एक कागद इकडचा तिकडे झाला नाही हो... आणि फोटो घालवला तो कुणाचा? स्वतःच्या आईचा!

झालं काय, आमची लेक नीरजा, गुरुग्रामला नोकरी करते, ती रविवारी इथे दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरला घरी आली आणि लॅपटॉप, टॅब, फोन, सगळ्यांची मोट बांधून गेली. "बाबा, टेन्शन मत लो यार, आता सगळीकडे सेम!" सेम म्हणजे किती सेम? जिथे उघडावं तिथे तेच फोटो! ह्यांना पसारा खपत नाही. बसले लॅपटॉप साफ करायला. पूस, पूस, पूस... "अगं, फोनमध्ये आहेतच की!" वर कचरापेटीही रिकामी केली, नीटनेटका माणूस ना! मग फोन उघडला. रिकामा. टॅब? तोही रिकामा. सगळीकडे सेम!

बाकीचे गेले तर गेले, माझे तर निम्म्या फोटोंत डोळेच मिटलेले. पण सासूबाईंचा तो फोटो! कॅमेरा दिसला की त्यांचा चेहरा पासपोर्टवरचा व्हायचा. एकदाच, बाल्कनीत थंडीच्या उन्हात मटार सोलताना, अशा खळखळून हसल्या होत्या... तोच फ्रेम करून वर्षश्राद्धाला ठेवायचा होता. हे तिन्ही स्क्रीन पुढ्यात मांडून बसले, जेवायला उठेनात. "अलका, मी आईला माझ्या हातांनी पुसलं गं." मला बघवेना हो. नीरजाला फोन केला, तर ती म्हणते, "मम्मा, डिलीटपण सिंक होतं ना, बिल्कुल सेम!" अगं भवाने, मग हे आधी सांगायचं ना!

शेवटी मला आठवलं, तो फोटो मी माझ्या बंद पडलेल्या जुन्या फोनवरून भावाला पाठवला होता. गुणवंतला, नोएडाच्या. आणि त्याला ह्यांनी ब्लॉक केलेलं, मेसेज पाठवून पाठवून जीव खातो म्हणून! मी म्हटलं, आता तुम्हीच मागा! अडला ना माणूस? केलं अनब्लॉक, लावला फोन, आवाजात ही साखर... "गुणवंतराव, कसे आहात?" तो इतका खूश! "अहो भाऊजी, आईंचा फोटो ना? मी जपून ठेवलाय!" ह्यांच्या डोळ्यांत पाणी.

आला फोटो. सासूबाई आहेत, मटार आहेत, ते हसूही आहे... आणि चारी कोपऱ्यांत गुलाब, डोक्यावर दोन पोपट, खाली सोनेरी अक्षरांत, 'शुभ सकाळ! हसत राहा!' ह्यांनी विचारलं, मूळ फोटो? "तो कशाला ठेवू भाऊजी? उगाच जागा जाते!"

फोटोवाला म्हणाला, "मॅडम, अक्षर हटाएंगे तो ठुड्डी भी जाएगी।" म्हणजे सासूबाईंची हनुवटीच गायब! मग काय, केला तसाच फ्रेम! वर्षश्राद्धाला जो येतो तो गंभीर चेहऱ्याने हात जोडतो, खालचं वाचतो, आणि सवयीने बोलून जातो, "शुभ सकाळ!" गुरुजीसुद्धा! आणि आमचे हे दाराशी उभे, मान खाली घालून, भर दुपारी एकेकाला उत्तर देतायत... "शुभ सकाळ... शुभ सकाळ..."