डावीकडची सीट

लंडनमध्ये ईलिंगला डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये माझ्यासमोर एक काका-काकू बसले होते. काकांच्या मांडीवर फ्रान्सचा रोड ॲटलास उघडा होता.

"पोर्ट्समथला गाडी बोटीत चढवायची, की सकाळी फ्रान्सच्या ब्रिटनीत. मग किनाऱ्याकिनाऱ्यानं, गावागावांतून जायचं."

"मोटरवे नाही ना?"

"अजिबात नाही. छोटे रस्ते, बाजूला शेतं आणि मध्येच समुद्र."

"मी भाजणी घेते. आपण राहणार त्या कॉटेजला किचन आहे म्हणाली मालकीण, सारा."

"घे. फक्त एक लक्षात ठेव. तिथे रस्त्याच्या उजवीकडून चालवतात आणि आपलं स्टिअरिंगही उजवीकडेच. पुढे ट्रॅक्टर आला, तर ओव्हरटेक करताना मला समोरचं काही दिसणार नाही."

"मग काय करायचं हो?"

"तू डावीकडे बसलेली असशील, तुला दिसेल. तू सांगायचंस."

"मी थांबा म्हटलं तर?"

"थांबायचं."

"आणि जा म्हटलं तर?"

"जायचं. दुसरा इलाजच नाही."

"मध्येच 'तुला काय कळतंय' नाही म्हणायचं."

"नाही म्हणणार."

"प्रत्येक ट्रॅक्टरला?"

"प्रत्येक ट्रॅक्टरला."

काकूंनी ॲटलास आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"अहो, एक आठवडा कमी पडेल. दोन करा."