रसेलची कोरी पानं

विद्यापीठाच्या ग्रंथालयात चेलोवादकांची कागदपत्रं जपून ठेवतात. त्या दालनाबाहेर दार उघडायची वाट बघत कोरीन बसली होती. शेजारी एक म्हातारी तिच्या दिवंगत नवऱ्याच्या, चेलोवादक रसेलच्या, छापील सुरावटींच्या पानांचं खोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचा दीर तिच्यावर वैतागला होता.

"पेन्सिलच्या सगळ्या खुणा खोडल्यास, वहिनी?"

"आठवडाभर खोडरबर घासत होते. ऑर्केस्ट्राची पानं परत करताना खोडूनच देतो ना आपण? रीत म्हणजे रीत."

"अगं, ती भाड्याची पानं. इथे लोकांना रसेलच्या खुणाच बघायच्यात. कुठे कुठलं बोट, गज कधी वर, कधी खाली. छापील सूर काय, दुकानातही मिळतात."

"मग दुकानात जावं त्यांनी."

"दादाची आयुष्यभराची अक्कल होती त्यात."

"होती तर. साहेब दुपारी घोरत पडायचे, तेव्हा मी चेलो घेऊन बसायचे, बोटं शोधायचे, खुणा करायचे. संध्याकाळी ते वाजवायचे आणि टाळ्या घ्यायचे. अक्षर कधी नीट पाहिलंस का रे, वेंडेल?"

दार उघडलं.

"चल, उचल खोकं. आता त्यात उरलंय ते सगळं तुझ्या दादाचंच आहे."