कारागीर सुन्या

जर्मनीतल्या येना शहरातल्या आमच्या लॅबमधली उटे जुन्या गिलाव्यांचे फोटो तपासते. परवा तिनं मला स्क्रीनवर एक मशीद दाखवली. बघतो तर आमच्याच गावातली, मुघलांच्या काळातली! कमानीवर चुन्यात घडवलेली नाजूक वेल, आणि तिच्या दोन पानांवर ओरखडलेलं, ‘सुन्या’.

“हे काय लिहिलंय?” उटेनं विचारलं.

अरे, अकरावीत कर्कटकानं मीच कोरलं होतं ते! पण तोंडातून निघालं, “कारागिराची सही असेल.”

“गेनाऊ! अगदी बरोबर! मलाही तेच वाटलं,” म्हणत तिनं प्रबंधात लिहूनसुद्धा टाकलं.

खरं सांगायचा धीर अजून झालेला नाही. ज्यानं ती वेल घडवली, त्याचं नाव कुठेच नव्हतं. त्याची दोन पानं तर मी खरवडलीच, आता सहीही माझीच लागली.