पुस्तक बघून लिहायची परीक्षा

आता मला सांगा, माणूस ब्लाउजपीस फाडत असताना असला फोन करतात का? चिटगुप्प्याचा बाजाराचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, एक बाई विचारतेय रंग जाईल का, दुसरी तिला सांगतेय मागच्या वेळेस गेलाच की, माझ्या एका हातात कात्री, फोन कानात नि खांद्यात धरलेला, आणि पलीकडून आमचे गुरुलिंगअण्णा वकील म्हणतात, "पंचाक्षरी, निकाल लागलाय. नेत्राक्का पास झाल्या बघ." मी "हं" म्हटलं. बाई म्हणाली, शेठ, तिरकं फाडलंत. तिरकं फाटलं होतं खरं.

नेत्रावती म्हणजे माझी बायको. परीक्षा दिली आणि निकालाच्या आधी गेली. ताप आला, बिदरला घेऊन गेलो, आणि परत आणली... जाऊ द्या. परीक्षेचं सांगत होतो. अहो, पुस्तक बघून लिहायची परीक्षा ती! कायद्याची पुस्तकं सोबत न्यायची, उघडायची, बघायची, लिहायची. गल्लीत कुणाला खरं वाटेना. मग परीक्षा कशाची, म्हणायचे, आम्हीपण झालो असतो की वकील!

तुम्हाला सांगतो, तसं सोपं नाही ते. मुलगी सासरी गेल्यावर हिनं दप्तर उचललं, रोज बिदरची बस, कायद्याची तीन वर्षं, मग नाव नोंदवायला बंगळूर, काळा कोट, गळ्याला पांढरी पट्टी, आणि वर्तणूक चांगली आहे असं वकिलांनी लिहून द्यायचं. मी म्हटलं, मला विचारा की, इतकी वर्षं संसार केलाय! तर म्हणते, "तुमची साक्ष चालत न्हाई. तुम्ही पक्षकार आहात." एवढं सगळं झालं की मग ही परीक्षा. ती झाली नाही तर कोट खुंटीला.

आणि हौस कशाची? तर कोर्टातून आलेल्या बायका आमच्या दुकानात टेकायच्या. आत जजसाहेब कन्नडमध्ये बोललेले, वकील इंग्लिशमध्ये, पट्टेवाला दखनी उर्दूत ओरडलेला, आणि ह्यांना पुढची तारीख पडली की खटलाच संपला, तेही कळलेलं नसायचं. नेत्रा कागद वाचून मराठीत सांगायची. एक दिवस म्हणाली, बाहेर बसून सांगण्यापेक्षा आत उभं राहूनच सांगते की.

तर ती पुस्तकं. आमची अव्वा, म्हणजे माझी आई, चन्नव्वा. सूनबाई परीक्षेला निघाली म्हटल्यावर अव्वा गप्प बसेल? पहाटे अंघोळ करून सगळी पुस्तकं पाटावर मांडली, प्रत्येकावर तीन बोटं विभूती ओढली, आणि लिंगाला वाहिलेलं बेलाचं एकेक पान प्रत्येक पुस्तकात घालून ठेवलं. कुणाला बोलली नाही. देवाचं काम सांगून करायचं नसतं, म्हणे.

कलबुर्गीच्या सेंटरवर साहेबांनी पुस्तकं उघडली. नियम असा की पुस्तक कोरं पाहिजे, आत खूण नको. साहेबांनी बेलाचं पान दोन बोटांत धरलं आणि विचारलं, मॅडम, ही खूण कशाची? बेल! आणि होता कुठं? अव्वाला अक्षर येत नाही, पुस्तक जिथं उघडलं तिथं तिनं ठेवलेलं... नेमका घटस्फोटाच्या कलमावर. साहेबांनी पुस्तकं काढून घेतली. त्यांचं तरी काय चुकलं? पुस्तक बघून लिहायची परीक्षा, आणि आमची बाई पुस्तकाविना बसली.

घरी आली तर अव्वा दारात, झालेलं ऐकलं नि विचारते, "कामून घेतली त्यांनी? देवाचं पान बी चालत न्हाई व्हय?"

नेत्रा म्हणाली, "चालतं की अव्वा. पण सासूबाईनंच घटस्फोटाचं पान काढून दिलंय म्हटल्यावर साहेब घाबरले."

दोघी किती हसल्या म्हणता! चुलीवरचं दूध उतू गेलं, कुणी उठलं नाही.

मग ती गेली. अव्वानं स्वतःच्या कपाळाला विभूती लावायचं सोडलं. आम्हा लिंगायतांत कुणी गेलं म्हणून विभूती सोडत नाहीत हो, आमचे गुरू जंगमस्वामी येऊन सांगून गेले, तरी नाही. एकच म्हणते, माझ्या हातानं तिची परीक्षा घालवली. आणि संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत विचारते, "लागला का रे निकाल?" रोज.

त्या दिवशीही विचारलं. येताना नारळ घेतला होता. वाटलं, बिचारीच्या छातीवरचा धोंडा उतरेल, पुस्तक बघून लिहायची परीक्षा तिची सून न बघता पास झाली, आणखी काय पाहिजे? तोंडापर्यंत आलं होतं. पण आमच्या घरची रीत अशी, पास झालेल्या माणसाला पाटावर बसवायचं आणि अव्वानं आपल्या हातानं त्याच्या कपाळाला विभूती लावायची. मला लावली, मुलीला लावली. आता मी "पास" म्हटलं की ही म्हातारी सवयीनं पाट घ्यायला उठणार. पाट मांडणार. आणि मग?

"साइट बंद हाय, अव्वा," म्हटलं.

"बरं," म्हणाली. "हात धू. जेव."

आता कोर्टात वकिलांच्या बाररूमला माहीत आहे, बाजाराला माहीत आहे, ज्या बाईचं ब्लाउजपीस तिरकं फाटलं ती तर दुसरं न्यायला आली आणि पेढे मागून गेली. रोज घरी जाताना ठरवतो, आज सांगायचं.

अव्वाला अजून सांगितलेलं नाही.